हेडसेटची डावी बाजू

गुरुवार, संध्याकाळ

स्वस्तातला वायरवाला गेमिंग हेडसेट आज आला. कानाची गादी मऊ आहे, माइकही चांगला. लातूरच्या भावाशी खेळलो, त्याला माझा आवाज स्वच्छ गेला. फक्त डावी बाजू बंद. चिडून परतच पाठवणार होतो. बायकोने लावून पाहिला. म्हणाली, "अहो, दोन्हीकडनं येतंय की!"

मग मी उलटा घातला. तरी डावीकडे काहीच नाही.

कंपनीत प्रेस मशीनचा ठोका पत्र्यावर नीट पडतोय का, ते आवाजावरूनच कळतं. म्हणून प्रेसवर मी डाव्या कानातला इअरप्लग काढूनच काम करत आलोय. बारा वर्षं. कोणी सांगितलं होतं काढायला?

बायकोला म्हटलं, वायर हलली असेल.

आज सुट्टी, कंपनी बंद. डाव्या कानात प्रेस मात्र चालूच आहे.