एका घरातले दोन परीक्षार्थी

रिठद,
ता. १९ जानेवारी

आदरणीय बेबीताई यांना रत्नमालाचा सप्रेम जयभीम.

आम्ही इकडे खुशाल आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. खरं काय ते पुढचं वाचून तुम्हीच ठरवा. तुमची साखर आटोक्यात आहे ना? सकाळचं फिरणं चालू आहे, की अकोल्याच्या थंडीचं निमित्त काढून बंद केलंत? (दवाखान्याच्या नोकरीत तीस वर्षं दुसऱ्यांना चालायला लावलंत, आता स्वतः चाला.) फोनच करणार होते, पण आमच्या घरी एकाचा फोन आला की दोघं बोलतात, आणि मला तुमच्याशी एकटीनं बोलायचं आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, इथल्या शेतकरी कंपनीच्या गोदामात अकरा वर्षं साठ्याची वही मी लिहिते आणि तुमचे भाऊ त्याच कंपनीचा पिकअप चालवतात. श्रावणात आमचे अध्यक्ष बबनराव यांनी सभेत सांगितलं, की गोदामाला आता रीतसर व्यवस्थापक नेमायचा आणि ज्याच्यापाशी पुरवठा साखळी व्यवस्थापनाचं प्रमाणपत्र असेल त्यालाच ती खुर्ची द्यायची. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मीही घरी जाऊन आरशात पाहिलं. दुसऱ्याच दिवशी वाशीमला जाऊन फॉर्म भरला आणि चारशे पानांचं पुस्तक घेऊन आले. पुस्तक मराठीत आहे असं मुखपृष्ठावर छापलंय. (आतलं मराठी असं, की अर्थ कळण्यासाठी कंसातलं इंग्रजी वाचावं लागतं.) उदाहरणं सगळी बंदरांची आणि जहाजांची. पहिल्या धड्यात एक जहाज धक्क्याबाहेर नऊ दिवस थांबलं होतं. मी दुसऱ्या धड्यावर गेले तरी माझा जीव त्याच्यातच अडकलेला.

तिसऱ्या धड्यात होतं, की जो माल आधी आला तो आधी बाहेर जावा. म्हटलं वाचायचं कशाला, करूनच पाहू. हमालांना सांगून खताची जुनी पोती दाराशी आणली. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी नव्या खताचा ट्रक आला, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की आपल्या गोदामाला दार एकच आहे. नवी पोती मागे न्यायची तर जुनी बाहेर काढायला हवीत. दुपारपर्यंत जुनं-नवं सगळं खत अंगणात आणि गोदाम मोकळं. रस्त्यानं जाणारे लोक थांबून विचारू लागले, की कंपनी गाव सोडून चालली काय. बबनराव आले, पोत्यांना एक फेरी मारली आणि शांतपणे म्हणाले, परीक्षा कधी आहे तेवढं सांगा, म्हणजे तोवर माल मागवत नाही.

त्यानंतर मी वाचनच करायचं ठरवलं, तर पुस्तक सापडेना. तुमच्या भावांनी ते कव्हर घालायला म्हणून नेलं होतं. कव्हर घालायला नऊ दिवस लागले. परत आलं तेव्हा त्यावर हळदीची बोटं होती आणि वाहतुकीच्या धड्यात पेन्सिलीच्या खुणा. मला वाटलं दुकानदारानं जुनंच पुस्तक गळ्यात मारलं. पुढे तर ते रोजच पुस्तक मागायला लागले. गाडीत धूळ बसते, काच पुसायला जाड कागद लागतो, अशी कारणं. (चारशे पानांनी काच पुसणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही, आणि तरी मला शंका आली नाही. अभ्यासानं माणूस हुशार होतो, असं आता कुणी मला सांगू नये.)

डिसेंबरात वाशीमला परीक्षा झाली. मला मोटरसायकलवर त्यांनीच नेलं, इस्त्रीचा शर्ट घालून. म्हणाले, पिकअपचं एक काम आहे, उरकतो. मी हॉलमध्ये जाऊन चौदा नंबरच्या कॉम्प्युटरवर बसले. सहज पाहिलं तर सतरा नंबरवर तुमचे भाऊ, चष्मा लावून. त्यांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली, जणू लग्नाच्या पंगतीत भेटलो. पहिली दहा मिनिटं मी प्रश्न वाचलेच नाहीत.

परतताना वाटेत चहाला थांबलो तेव्हा विचारलं, हे कशासाठी. त्यांनी चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "अठरा वर्सं मी मालाच्या रांगेत गाडी लावून बसतो. कधी पाच तास, कधी सात. हे कायले होते, मले कोनी सांगतलं नाही. त्या पुस्तकात लिवलेलं होतं. मंग मले पुस्तक सोडवलंच नाही, रत्ना."

मी दुसरा चहा सांगितला.

निकाल मोबाईलवर आला. पास व्हायला साठ हवे होते, मला सत्तावन्न. त्यांना विचारलं तर म्हणाले, माझा आला नाही अजून. दोन दिवस तेच. तिसऱ्या दिवशी बबनरावांनी गोदामात सगळ्यांदेखत त्यांच्या गळ्यात हार घातला, तेव्हा कळलं चौऱ्याहत्तर आहेत. हार गळ्यात तसाच ठेवून ते माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "मी बबनरावले सांगतो. मले नाही पायजे. खुर्ची तुई हाय."

ताई, तेव्हा मात्र मला लागलं. नापास झाल्याचं लागलं नव्हतं तेवढं. मी म्हटलं, "मायी असंन तं मी पास हून घेईन. तोवर तुमी बसा. पन दान म्हनून देऊ नका." ते बसले. आता ते व्यवस्थापक आहेत आणि मी त्यांच्या हाताखाली तीच वही लिहिते. मी हे सगळं शांतपणे घेतलं. आमच्यात काही वाद नाही. काळजी करू नये.

भाऊजींना जयभीम. तब्येतीला जपा.

तुमची,
रत्नमाला

ता. क. – शांतपणे घेतलं म्हणजे अकरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. साठ्याचे आकडे चिठ्ठीवर लिहून देत होते.

ता. क. २ – पत्र लिहायचं कारण राहिलंच. माझी फेरपरीक्षा अठरा फेब्रुवारीला आहे, आणि केंद्र मी मुद्दाम अकोल्याचं घेतलंय. त्याआधी आठ दिवस तुमच्याकडे राहू का? इथे अभ्यास होत नाही. तुमचे भाऊ येता-जाता शिकवतात. काल मी भाकरी थापत होते, तर सेफ्टी स्टॉक (म्हणजे अडीनडीचा राखीव साठा) समजावून सांगत होते. त्यांना मी सांगितलंय की तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशन आहे आणि सोबतीला माणूस हवं. तेव्हा विचारपूस झाली तर कृपया थोडं कमी दिसू द्यावं.

ता. क. ३ – (हे अक्षर तुया भावाचं, देवमनचं हाय.) ताई, कंपनीचं टपाल आता मायाच टेबलावरून जाते. पाकीट शितानं चिकटवलं होतं, ते उघडं पडलं. वाचाले नव्हतं पायजे, पन वाचलं. तिले येऊ दे. मी फोन करत नाही, अन् तुया डोळ्याचं विचारत नाही. फक्त गाडीच्या खर्चाच्या गनितात, गाडी माल टाकून रिकामी परत येते तो खर्च ती धरत नाही, तिथंच तीन मार्क गेले. हे तूच तिले सांगजो, मायं नाव घेऊ नको. पाकीट मी परत पक्कं चिकटवलं.