पिवळा कोपरा

१० ऑक्टोबर

कोपरा पिवळा आहे! नवा कोरा टॅब, दसऱ्याला घरात आला आणि आज खाली डाव्या हाताला पिवळट डाग. ओल्या फडक्यानं पुसला, कोरड्यानं पुसला — जात नाही. काचेच्या आत आहे.

सईनंच आणून दाखवला. टॅबवर बघून कागदावर झेंडूचं चित्र रंगवत बसली होती, बोटं रंगानं भरलेली, तशीच उठून आली. "बाबा, इथं पांढरा रंग पांढरा दिसत नाही." मी आधी तिच्यावरच ओरडलो. रंगांच्या डब्यांजवळ टॅब नेलास तर कपाटात कुलूप, असं बजावलं होतं की नव्हतं? पोरगी रडायच्या बेतात. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दसऱ्याला मी स्कूटर धुऊन वर आलो तेव्हा टेबलावर पूजेचं ताट, ताटाशेजारी टॅब, आणि बनुआत्या हळदीची बोटं पदराला पुसत उभी!

या घरात नवी वस्तू आली की आत्याच्या हळदीशिवाय ती चालू होत नाही. मिक्सर, गिझर, शेगडी, माझं हेल्मेटसुद्धा. आजवर मी हसत आलो. आज हसू आलं नाही. "आत्या, ही काच आहे, उखळ नव्हे! ओल्या हळदीचं पाणी फटीतून आत गेलं. काही कळतं का तुला?"

"काही कळतं का" — हे मी बोललो. आत्याला. औंधला तिच्याकडे राहून माझी सगळी शाळा झाली. आता गुडघ्याच्या ऑपरेशनपासून ती आमच्याकडे सांगलीला आहे, तर मी तिला हे ऐकवतो.

तिनं आधी सईकडं बघितलं. मग माझ्याकडं. "व्हय बाबा. माझंच चुकलं. पोरीला काय बोलू नगंस." एवढंच म्हणून आत गेली.

ऋचा म्हणाली, "अहो, जरा हळू बोलता आलं असतं." आलं असतं.

११ ऑक्टोबर

आज टॅबकट्ट्यावर जुंपली. टॅबकट्टा म्हणजे हाच टॅब घेतलेल्यांचा फोनवरचा गट, सातारा-सांगलीकडची तीन-चारशे माणसं. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो म्हणून तिथं सगळे मला 'सर' म्हणतात. आणि मला ते आवडतं, उगाच कशाला नाकारू.

पाटणचा कुणी साईराज आहे. त्याचा दावा — पडद्याचा पिवळा कोपरा हा या टॅबचा सर्रास दोष, दहात एक तरी असा निघतोच. पुरावा काय? तर त्यानं गटात विचारलं आणि बऱ्याच जणांनी हात वर केले! मी लिहिलं, "दवाखान्यात बसून गावातले आजारी मोजायचे का? ज्यांचा टॅब चांगला ते बापडे चित्रं काढतायत, ते कशाला बोलतील? खरा आकडा अर्ध्या टक्क्याच्याही खाली असणार." टाळ्यांचा पाऊस.

साईराज म्हणाला, "सर, मग तुमच्याच टॅबचा कोपरा पिवळा कसा?"

तिथं मी चेकाळलो. आत्याचं सगळं रंगवून लिहिलं. दसरा, ताट, ओली हळद. सोबत दोन फोटो. एक पिवळ्या कोपऱ्याचा. दुसरा खोक्याचा, त्यावर आत्याच्या हळदीची पाच बोटं स्पष्ट उमटलेली — ढळढळीत पुरावा! खाली ओळ: 'दोष कारखान्याचा नाही, आमच्या आत्याचा.'

दिवसभर लोक हसतायत. कुणीतरी 'हळदवाली आत्या' असं नाव पाडलं. मी जिंकलो.

१२ ऑक्टोबर

शेजारच्या अंजनावहिनींकडे वॉशिंग मशीन आलं. आत्याला हळदीकुंकू लावायला बोलवायला आल्या. कुणाकडे काही नवं आलं की आत्यालाच बोलावतात, आणि तीही नवं लुगडं नेसून जाते.

आज म्हणाली, "नगं बाई. माझ्या हाताला आता गुण न्हाई."

अंजनावहिनी हसल्या. "अहो आत्या, असं कसं! तुम्ही तर मोबाईलवर गाजताय. हळदवाली आत्या!" आणि फोन काढून दाखवला. त्यांचे यजमान आहेत टॅबकट्ट्यावर — मला माहीतच नव्हतं!

आत्यानं फोटोतली आपली बोटं बघितली. मी शेजारच्या खोलीत होतो, तिथंच राहिलो. पेपर तपासण्याचं सोंग केलं.

१३ ऑक्टोबर

टॅब सर्व्हिस सेंटरला दिला. काउंटरवर राजनंदिनी म्हणून मुलगी होती. "पाणी वगैरे काही सांडलं होतं का सर?" मी म्हणालो, "छे!" हळदीचा 'ह'सुद्धा काढला नाही. गटावर हळद, काउंटरवर छे.

तिनं कोपरा एकदाच बघितला, मान हलवली आणि म्हणाली, "बदलून मिळेल." इतक्या सहज, की मला जरा नवल वाटलं.

१७ ऑक्टोबर

बदललेला टॅब आला. सेंटरमधून थेट कॉलेजात गेलो. उद्यापासून सुट्टी, विभागात कोणी नाही. खोक्याचं सील मी स्वतः फोडलं. चालू केला, पांढरं पान उघडलं.

खाली डाव्या हाताला. पिवळा. तोच कोपरा, तसाच डाग, फार तर जरा फिका.

खिडकीत नेऊन बघितला. दिवा लावून, मालवून बघितला. चष्मा पुसला. चष्म्याचा काय दोष!

याला कुणी हळद लावलेली नाही. आत्यानं हा पाहिलेलासुद्धा नाही.

मग फळ्यासमोर उभा राहिलो आणि सवयीनं खडू उचलला. माझाच आकडा — अर्धा टक्का. एकाच घरात लागोपाठ दोन सदोष यायची शक्यता? चाळीस हजारांत एक. पहिल्या वर्षाच्या पोरालाही सांगता येईल की असं दिसलं तर आधी आपला आकडा तपासावा. मी पुसून टाकलं. खोकं होतं तसं बंद केलं.

आज घरी जाऊन सांगायचं ठरवलं होतं. "आत्या, माझी चूक झाली" — चार शब्द. स्कूटरवर दोनदा म्हणूनही बघितले. जिन्यात पोचेपर्यंत ते शब्द कुठं गेले कुणास ठाऊक. सई धावत आली, "आला का?" मी म्हणालो, "आला. पण दिवाळी झाल्यावर मिळेल." आणि कपाटात ठेवून कुलूप लावलं. तिचं तोंड एवढंसं झालं. दिला असता तर तिनं अर्ध्या मिनिटात कोपरा दाखवला असता!

आत्या दारात उभी राहून कुलपाकडे बघत होती.

१८ ऑक्टोबर

साईराजनं गटावर विचारलं, "सर, बदलून आलेला कसा आहे?"

मी लिहिलं, "चकाचक."

का लिहिलं? कुणी मानेवर सुरी ठेवली होती? चारशे अनोळखी लोकांपुढं नाक वर राहावं म्हणून घरातल्या माणसाला दोषी ठरवायचं. शी.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. नवी केरसुणी आणली होती. दरवर्षी तिला हळदीकुंकू आत्या लावते. आज तिनं ताट ऋचाकडं सरकवलं. "तू लाव गं. तुझा हात चांगला." आणि हात पदराखाली घेऊन भिंतीला टेकून बसली.

केरसुणीला! केरसुणीचं हळदीनं काय बिघडणार आहे?

ऋचानं माझ्याकडं बघितलं. मी समईची वात सारखी करत होतो. ती आधीच सारखी होती.

प्रसाद वाटून झाल्यावर आत्या जवळ आली. हळूच म्हणाली, "सुमंता, पोरीला दे रं त्यो टॅब. चित्रं काढायची थांबलीया ती. मी जाते औंधला. गुडघा आता बरा हाय. मी नसले म्हंजे तुलाबी घोर न्हाई."

"आत्या, तसं काही नाहीये गं —"

"मग कसं हाय?"

हीच वेळ होती. समोर बसली होती, विचारत होती. मी म्हणालो, "दिवाळी होऊ दे, बघू."

माझ्यासारखा भित्रा माणूस मी तरी पाहिला नाही.

२२ ऑक्टोबर

ऋचाला सांगितलं. ती म्हणाली, "आणि हे तुम्हाला शुक्रवारपासून माहीत आहे?" करंज्यांचा डबा घेऊन स्वयंपाकघरात गेली. झाकण आपटल्याचा आवाज आला.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. आत्या गेली.

मला वाटलं होतं चार दिवस तरी थांबेल. सकाळीच पिशवी भरून तयार. मी म्हणालो, मी सोडायला येतो. "नगं. विट्याची गाडी हाय, फुडं मिळंल काय तरी." स्टँडवर नेलं. खिडकीपाशी बसवलं, पाण्याची बाटली दिली, केळी दिली. गाडी सुटायला वेळ होता, अगदी सावकाश सांगता आलं असतं. कंडक्टर घंटी मारेपर्यंत मी तिला गुडघ्याचे व्यायाम समजावत होतो!

"सईला लय बोलू नगंस," एवढं म्हणाली. सईला मी कुठं काय बोललोय? लक्षात नाही आलं तिचं.

घरी आलो तर देव्हाऱ्यातला हळदीचा करंडा जागेवर नाही. नेला बहुतेक. तिचाच होता.

२५ ऑक्टोबर

सकाळी बसून टॅबकट्ट्यावर लिहिलं. एकदाही खोडलं नाही, नाहीतर पाठवलंच नसतं. 'बदलून आलेला टॅबही तसाच पिवळा आहे. सील मी फोडलं, त्याला कुणाचा हात लागला नव्हता. चकाचक म्हणालो ते खोटं. आत्याच्या हळदीनं काही झालं नव्हतं. दोष किती जणांच्या टॅबमध्ये आहे ते मला ठाऊक नाही. अर्धा टक्का मी कुठून आणला तेही ठाऊक नाही. तिची चेष्टा करू नका, फोटो काढून टाका.'

वाटलं होतं आता फाडून खातील. थोडे हसले, थोडे चिडले. दोघा-तिघांनी आपलेही पिवळे कोपरे दाखवले — इतके दिवस माझ्या आकड्याला घाबरून गप्प होते म्हणे!

साईराजनं लिहिलं, "सर, दहात एक हे माझंपण अंदाजेच होतं. तुमचे दोन धरू का मोजणीत?" मला हसू आलं. किती दिवसांनी. मग त्याचा वेगळा निरोप आला, फक्त मला. "आत्यांना सांगितलंत ना?"

चारशे जणांना सांगून झालं. तिला नाही.

ऋचाला म्हणालो, उद्या औंधला जातो. "टॅब घेऊन जा," ती म्हणाली. "नुसत्या तुमच्या बोलण्यावर त्यांनी का विश्वास ठेवावा?" बरोबर आहे.

२६ ऑक्टोबर, औंध

सांगितलं. पुढच्या सोप्यात तिच्यासमोर खोकं उघडलं, टॅब चालू केला, पांढरं पान दाखवलं. "आत्या, हा कारखान्यातूनच असा आलाय. पहिलाही तसाच होता. मी उगाच तुझ्यावर ओरडलो. आणि हे कळल्यावरही गप्प बसलो. माझी चूक झाली गं."

तिनं चष्मा लावून कोपरा निरखून बघितला. मी बोलणी खायच्या तयारीनं बसलो होतो.

"म्हंजे सईनं रंग न्हवता सांडला?"

"सईनं?"

"पिवळी बोटं घिऊन आली की रं ती त्या दिवशी. तू कपाटाचं, कुलपाचं बोलाय लागलास. मला वाटलं पोरीनंच सांडला. म्हनून म्हनलं, माझंच चुकलं. मग पुन्यांदा हळद लावाय गेले असते तर तुझा इस्वास बसला असता व्हय?" मग ती हसली. खरंच हसली. "येडा हायस. एवढ्या म्हाग काचंला कोन हळद लावतंय? मी खोक्याला लावली हुती."

खोक्याला. पाच बोटं. त्यांचा फोटो काढून मीच सगळ्यांना दाखवला होता.

हे मी सोप्यात बसून लिहितो आहे. नवं खोकं माझ्या मांडीवर आहे आणि आत्या आत पिशवीत करंडा शोधते आहे.