विनीबाईंच्या भोपळ्यावरचा पहिला वार

तीर्थस्वरूप अप्पा यांस,

इंग्लंडातल्या एका खेड्यातून तुमच्या धाकट्या चुलतभावाचा, कमळाकरचा, नमस्कार. (साष्टांगच घालणार होतो, पण सध्या एकदा वाकलो की उठवायला दोन माणसं लागतात.) वहिनींचा दमा कसा आहे? तुमची साखर? खालापुरात सगळे खुशाल असतील. मी नाही, पण ते ओघाने येईलच. पत्राचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवतोय, उत्तर तसंच द्या.

तेजश्रीने आम्हाला विश्रांतीला म्हणून आणलं आणि आल्या दिवसापासून नुसती चालवते आहे लेक. या गावात दर रविवारी कसला तरी सण. एकदा गावभर बुजगावणी मांडून त्यांचं कौतुक केलं. (आपल्या शेतातल्याकडे कोणी ढुंकून बघत नाही.) पुढच्या रविवारी डॉक्टर, पोस्टमास्तर अशी पिकल्या केसांची माणसं गुडघ्यांना घुंगरू बांधून रुमाल उडवत नाचली. आम्ही आपले उभे. बसायला कोणी देत नाही, चहा मात्र दर अर्ध्या तासाने. त्यात ना आलं, ना साखर. टोलनाक्यावरचा चहा आठवून डोळ्यांत पाणी येतं. दमलो हो अप्पा. आमची सौ. उमा मात्र ताजीतवानी, सारखे फोटो काढत फिरते.

गेल्या रविवारी सुगीचा सण होता. चर्चशेजारच्या हॉलमध्ये भाज्या मांडलेल्या, मधोमध शेजारच्या विनीबाईंचा भोपळा. (बाई अठ्ठ्याहत्तरच्या, एकट्या राहतात. नात सानवीला शाळेतून आणून संध्याकाळपर्यंत त्याच सांभाळतात, म्हणून तेजश्रीची नोकरी चालते.) भोपळा केवढा, तर सानवी आत मांडी घालून बसेल एवढा. विनीबाई सुरी घेऊन उभ्या. दोनदा सुरी जवळ नेली, दोनदा मागे घेतली, मग माझ्याकडे बघून सुस्कारा टाकला. (देठ साफ करत होत्या, हे नंतर कळलं.) आता तुम्हीच सांगा, अख्ख्या भोपळ्यापुढे बाईमाणूस असं थांबलं तर आपण काय समजायचं? बायकांनी आधी चिरायचा नाही, पुरुषाने पहिला वार करून द्यायचा. मी सुरी अलगद घेतली, कुलस्वामिनीचं नाव घेतलं आणि घातली.

परीक्षक अजून यायचे होते, अप्पा! बाईंनी पाच महिने लेकरासारखा वाढवलेला, पहिलं बक्षीस ठरल्यात जमा. चार शिव्या घातल्या असत्या तर मोकळा झालो असतो. पण कुठलं काय! विनीबाई एवढंच म्हणाल्या, "ओह डिअर." आणि कोणीतरी माझ्या हातात चहा दिला. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, काय केलंत हे! सानवीला आता कोण सांभाळणार?" तेजश्री मला म्हणाली. मग विनीबाईंना तिने इंग्रजीत ठोकून दिलं की बाबा आमच्या गावचे मानकरी, पहिला वार त्यांच्याच हातचा, अख्खा गाव हात जोडून उभा राहतो. उमाला हसू आवरेना, ती बाहेर पळाली. (घरी ती भोपळा शेजारच्या विकासकडून चिरून घेते. मागे मी अंगठा कापून घेतला होता ना!) सोमवारपासून विनीबाई फिरकल्या नाहीत. तेजश्री रजेवर आहे आणि रजा आज संपते. सानवी खिडकीत बसून असते. तिच्याकडे बघवत नाही.

तुमचा,
कमळाकर

ता.क. मुख्य काम राहिलंच. विनीबाईंनी निरोप पाठवलाय, त्या मानाचा फोटो बघायचा आहे म्हणे. माझा काळा कोट कपाटात आहे, घराची किल्ली आमच्या गड्याकडे, लडकूकडे. तो घालून, पाठमोरे उभे राहून एक भोपळा चिरा. मागून आपण सारखेच दिसतो. समोर वहिनी आणि आळीतली दहा-बारा माणसं हात जोडून उभी करा. हसणारी नकोत.

ता.क. २. थांबा! पत्र पाठवणार तोच विनीबाई आल्या. काखेत एक लहान भोपळा. तो ओट्यावर ठेवला, सुरी माझ्या हातात दिली आणि बाजूला झाल्या. नवरा होता तोवर तोच चिरायचा, तीन वर्षांत घरात भोपळा चिरलाच नाही म्हणाल्या. मग त्यांनी हात जोडले, तेजश्रीने सांगितलं होतं तसे. मी पुन्हा कुलस्वामिनीचं नाव घेतलं आणि वार बरोबर मधोमध बसला. उद्या सानवीला शाळेतून त्याच आणणार आहेत.

कोट कपाटातच राहू द्या. फोटो सानवीने काढलाय, आणि त्यात विनीबाईंच्या शेजारी उमासुद्धा हात जोडून उभी आहे.