बाबा, काका आणि बंदरावरची टेकडी

दादा,

तू गाढ झोपला होतास, म्हणून उठवलं नाही. तुझा संग्रहालयाचा बेत मी मोडलाय. नंतर काय ओरडायचं ते ओरड.

क्रूझवर आठवडाभर बाबा आणि काका एकाच टेबलावर जेवले, पण एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत. आज चहा पिताना काकांनी मला विचारलं, "त्या टेकडीवरून आपली बोट अख्खी दिसेल का गं? इतके दिवस आत राहिलो, पण बाहेरून धड पाहिलीच नाही." मी तोंड उघडायच्या आत बाबाच म्हणाले, "दिसेल की! पण तुझे गुडघे? चल, माझा हात धर."

दोघं निघालेसुद्धा. मी मागोमाग जातेय. काय बोलतात ते ऐकल्याशिवाय मला चैन पडायची नाही. तू सामान खाली हॉटेलच्या काउंटरवर ठेव आणि बाबांच्या गोळ्या घेऊन टॅक्सीने टेकडीवर ये. विमान रात्रीचं आहे, घाई नाही. फक्त घराच्या वाटणीचा विषय काढू नकोस, तुला माझी शपथ.

आत्ता खिडकीतून दिसतायत. बाबा भर रस्त्यात वाकून काकांच्या बुटाची नाडी बांधतायत आणि काका हसत काहीतरी सांगतायत. पळते!

चिमी