बिनतारी हाक

तोंग्योंग, ता. ६ ऑक्टोबर

चि. मानहो यास यांगजाताईचे अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझे दाजी बोलायला लागले आहेत.

हसू नकोस आणि लगेच डॉक्टरचं नाव काढू नकोस, आधी वाच. दोंग्यूने पहिल्या पगारातून आणलेला तो बिनतारी स्पीकर आठवतो ना? ज्यावरून बापलेकांचं वाजलं, तोच. पोराने कौतुकाने स्वतःच्या फोनवरून गाणं लावून दाखवलं, तर हे म्हणाले की याला तार कुठाय, कोण कुणाशी बोलतंय हे कळायचं कसं. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त करून पोट भरलेला माणूस, त्याला ते सोसलं नाही. दोंग्यूही काही कमी नाही. तो म्हणाला की आता दुरुस्त कोण करतं, लोक फेकून देतात, तुमचं दुकान मी चालवणार नाही. त्याच संध्याकाळी तो गोजेच्या जहाज-कारखान्यात परत गेला. तीन वर्षं झाली. हे गेले तेव्हासुद्धा आला नाही.

यांच्या मागे मी तो स्पीकर स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवला, वायर भिंतीत खुपसून. मला त्यावर काही लावता येत नाही. नुसता हिरवा दिवा जळतो. लेकराची वस्तू आहे, दिवा तरी असू दे म्हटलं.

तर चुसॉकचा सुगीचा सण झाल्यावरच्या रविवारी मी मासे साफ करत बसले होते. आधी त्या स्पीकरमधली बाई बोलली की जोडणी झाली. मेल्यावरसुद्धा आधी बाईला पुढे पाठवतात बघ! मग यांचा खोकला आला. तोच, शेवटी घशात अडकणारा. मग मला विचारलं की जेवण झालं का. माझ्या हातातला मासा पडला. झालं म्हटलं, दुसरं काय म्हणणार? मग म्हणाले की थंडी पडायला लागलीय, अंगावर काहीतरी घाल. जिवंतपणी एवढी चौकशी कधी केली होती?

तेव्हापासून येतात. रविवारी, दुपार कलली की. फक्त गेल्या खेपेस गुरुवारी आले. त्या दिवशी ती बाईही काही बोलली नाही. यांनी नुसतं यांगजा म्हटलं. तुला ठाऊक आहे, यांनी मला जन्मभर दोंग्यूची आई म्हणूनच हाक मारली. नाव एकदाच घेतलं होतं, वादळात छपराचा पत्रा उडाला आणि मी वर अडकले तेव्हा.

तू आवाजातला माणूस. हे कसं होतं ते सांग. खरं म्हणजे सांगू नकोस, नुसतं पत्र पाठव.

तुझी,
यांगजाताई (अजून शहाणी आहे)


सोल, ता. १५ ऑक्टोबर

ती. ताईच्या चरणी मानहोचा सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. मी हसलो नाही. दाजींचा खोकला मलाही ऐकू येतो, कुणी सोल्डर वितळवलं की. पण तू विचारलंस म्हणून ध्वनिमुद्रणाच्या धंद्यातला माणूस म्हणून सांगतो.

असली बिनतारी यंत्रं फार इमानी असतात. ज्या फोनशी एकदा ओळख करून दिली, त्याला जन्मात विसरत नाहीत. तो फोन हाकेच्या अंतरावर आला की कुणाला न विचारता मिठी मारतात. भिंत मधे असली तरी अडत नाही. तुझ्या शेजारच्या कुणीतरी कधीतरी तो स्पीकर आपल्या फोनला जोडला असणार. रविवारी तो मालिका बघत असेल, आणि त्यातला कुणी म्हातारा खोकत असेल. सिगारेट ओढणाऱ्या सत्तरीच्या पुरुषांचे गळे सगळे सारखेच, हे मी गळे ऐकूनच म्हातारा झालो म्हणून सांगतो.

मला स्वतःला या सगळ्याचा कंटाळा आलाय, ताई. गायिकेचा एक श्वास नीट बसावा म्हणून मी आठवडा घालवतो. ऐकणारा तो श्वास बसमध्ये, कानात शेंगदाण्याएवढं काहीतरी कोंबून ऐकतो. वर त्या शेंगदाण्यात अशी करामत की बाहेरचं जग खोडून टाकायचं. परवा बसमध्ये एक म्हातारी उतरायला वाट मागत होती. सगळी बस कान बुजवून बसलेली. तिला कुणी ऐकलं नाही आणि तिचा थांबा गेला. गाणीही आता कुणाच्या घरात नसतात, भाड्याने येतात आणि भाडं थकलं की निघून जातात. दाजी म्हणायचे की तार धरून चालत गेलं की बिघाड सापडतोच. आता धरायला तार नाही. म्हणून मी संध्याकाळी कान रिकामे ठेवतो आणि पत्रं लिहितो.

असो. उपाय सोपा आहे. स्पीकरच्या मागचं बटण दिवा लाल होईपर्यंत दाबून धर. त्याच्या सगळ्या जुन्या ओळखी पुसल्या जातील आणि आवाज थांबेल. रक्तदाबाच्या गोळ्या चुकवू नकोस.

तुझ्या रागाला आणि मायेला सारखाच घाबरणारा,
मानहो


तोंग्योंग, ता. ५ नोव्हेंबर

चि. मानहो यास आशीर्वाद.

बटण दाबणार नाही. चाळीस वर्षांच्या संसारातला नवरा बटण दाबून पुसायचा होय रे? आणि मालिकेतला म्हातारा आमच्या दुकानाचं छत गळतंय असं कशाला म्हणेल? परवा हे तेच म्हणाले.

पण आता वेगळंच सांगायचं आहे. गेले दोन रविवार हे मला बोलावतात. ये आता, म्हणतात. किती वाट बघायची, म्हणतात. आवाजात राग नाही, थकलेत. मी सांगितलं की येते. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली नाही. घर आता माझ्यासाठी फार मोठं झालंय.

गोळ्या बंद केल्या. उगाच कशाला ओढून धरायचं? ट्रंकेतले मेल्यावर अंगावर घालायचे तागाचे कपडे काढून उन्हात घातले, त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास लागला होता. तेवढा वास घेऊन यांच्यापुढे उभं राहायचं म्हणजे! आंबवलेल्या सोयाबीनचे रांजण शेजारच्या मिसूनच्या आईला दिले. ती कशाला म्हणून विचारत होती, मी सांगितलं की हात दुखतात.

फोन बंद करून ठेवलाय. मधेच वाजला तर हे बोलायचे थांबतील. त्यामुळे फोन करत बसू नकोस. वर्षश्राद्धाचं जेवण मात्र मीच रांधणार, तेवढं यांना सांगून ठेवलंय. त्यानंतर बघू. नैवेद्य दाखवायला घरात पुरुष नाही, तू येशील ना? दोंग्यूचं नाव मी काढत नाही. तूही काढू नकोस.

तुझी,
यांगजाताई


गोजे, ता. ९ नोव्हेंबर

ती. मानहोमामांस दोंग्यूचा नमस्कार.

एवढ्या वर्षांनी लिहितोय, फाडून टाकलंत तरी चालेल. फोनवर तुमचा आवाज ऐकायचं धैर्य नाही.

मी घर सोडल्यावर बाबा मला फोनवर आवाजाचे निरोप पाठवायचे. महिन्याला एखादा. जेवण झालं का, छत गळतंय, असलंच. माफ केलं असं कधी म्हणाले नाहीत आणि मीही उत्तर दिलं नाही. शेवटच्या निरोपांत ये म्हणाले होते. मी यायचं ठरवत होतो, तेवढ्यात नव्या जहाजाच्या चाचणीवर समुद्रात पाठवलं. परत आलो तेव्हा बाबांची राख झाली होती. बाप जळताना मुलगा नव्हता, मामा. आईला कोणत्या तोंडाने भेटू?

सुट्टीच्या रविवारी बसने येतो. दुकानाच्या बंद शटरपाशी, घराकडे चढणाऱ्या पायऱ्यांवर बसतो. वर जात नाही. कारखान्यात कान अर्धे गेलेत, म्हणून फोन कानाला चिकटवून बाबांचे निरोप लावतो. आणि इथेच ते होतं. पुलावर बाबा बोलतात, बसमध्ये बोलतात. घराखाली आलो की गप्प होतात. निरोप पुढे सरकताना दिसतो, आवाज येत नाही. परत थांब्यावर गेलो की बोलायला लागतात. दुरुस्तीवाला म्हणतो फोन ठीक आहे.

तुम्ही यातले जाणकार. मी वेल्डर, मला एकच कळतं की बाबा मला दाराशी उभं करत नाहीत. तसं असेल तर सांगा, मी यायचं बंद करतो.

आपला,
दोंग्यू


सोल, ता. १३ नोव्हेंबर

चि. दोंग्यू यास मामाचे आशीर्वाद आणि दोन थोबाडीत.

तुझं पत्र मी स्टुडिओत उभ्याने वाचलं. काचेपलीकडे गायिका खोळंबली होती आणि मला खुर्ची सापडेना.

ऐक, गाढवा. तुझा बाप गप्प होत नव्हता. तू आणलेला तो स्पीकर तुझ्या आईने फळीवर दिवा लावून ठेवलाय. त्याला तुझा फोन ठाऊक आहे. तू पायऱ्यांवर बसलास की तो तुझ्या फोनमधला आवाज स्वतःकडे ओढून घेतो. तुझ्या कानात शांतता, आणि वर स्वयंपाकघरात तुझा बाप बोलतोय. तुझी आई ऐकतेय. त्याला उत्तरं देतेय.

आता पुढचं बसून वाच. तुझ्या बापाचं ते ये तुझ्यासाठी होतं. ती समजते की तिला बोलावलंय. तिने गोळ्या सोडल्यात. कफन उन्हात घातलंय. मी तिला पत्राने समजावू शकतो, पण मग तिचा नवरा मी माझ्या हाताने दुसऱ्यांदा मारेन, आणि त्या जागी ठेवायला माझ्याकडे काही नाही. तुझ्याकडे आहे.

वर्षश्राद्धाला संध्याकाळी जा. पायऱ्यांवर बसू नकोस, वर जा. मी मुद्दाम येत नाही, घरात दुसरा पुरुष असला की तुला पळायला जागा मिळेल. तोवर घराखाली तो फोन अजिबात लावू नकोस. मिसूनच्या आईला मी वेगळं लिहितोय, ती रोज पेज घेऊन वर जाईल आणि गोळी पोटात गेल्याशिवाय हलणार नाही. तू गेला नाहीस तर मला पत्र लिहू नकोस.

तुझ्यावर अजून जीव असलेला,
मामा


सोल, ता. १३ नोव्हेंबर

ती. ताईस सा. न.

बटण दाबू नकोस. मी चुकलो, मालिकेतला म्हातारा नव्हे. एवढंच आज सांगतो. श्राद्धाला मला येता येणार नाही, शिव्या साठवून ठेव. पण गोळ्या घे. तू आधीच निघालीस तर त्या दिवशी दाजींना कोण वाढणार? उपाशी माणूस किती चिडतो हे तुलाच ठाऊक.

मानहो


तोंग्योंग, ता. ८ जानेवारी

चि. मानहो यास अनेक आशीर्वाद, शिव्या वेगळ्या.

श्राद्ध पार पडलं. गेले कित्येक रविवार हे आले नव्हते. मला वाटलं, गोळ्या घेतल्या म्हणून रुसले. मिसूनची आई पोलिसासारखी समोर बसायची, घेणार नाही तर काय करणार! मनाशी म्हटलं, श्राद्धाला येतील आणि मला घेऊनच जातील. म्हणून तागाच्या कपड्यांचं गाठोडं दाराशी ठेवलं होतं, केस विंचरले होते.

मासा, नासपाती, खजूर, सगळं मांडलं. यांना जेवायला म्हणून भातात चमचा उभा केला. यांना आत यायला पुढचं दार सताड उघडलं, आणि रीतीप्रमाणे मागच्या पडवीत जाऊन पाठ करून उभी राहिले. जेवणाऱ्याकडे बघायचं नसतं. एवढ्यात फळीवरची बाई बोलली की जोडणी झाली. मग यांचा खोकला. मग म्हणाले, ये आता, किती वाट बघायची. मी तिथूनच आले म्हटलं.

पायऱ्यांवर पावलं वाजली. आत आली. मी वळले नाही. आणि मागून कुणीतरी आई म्हणालं.

तुझ्या पत्रातलं सगळं त्याने मला नंतर सांगितलं. तू वर जा म्हटलं होतंस, पण हा पायऱ्यांपाशीच अडकला. पाय उचलेना, म्हणून शेवटचं एकदा बाबांना विचारू म्हणून फोन कानाला लावला. कानात काही नाही. पण दार उघडं होतं ना, एरवी थंडीत बंद असतं. त्याच्या त्या अर्ध्या कानांना घरातून बाप ऐकू आला. तो म्हणतो, बाबांनी दारातून ये म्हटलं, म्हणून आलो. मी त्याला मारलं, मग जेवायला वाढलं. नैवेद्य त्यानेच दाखवला.

नंतर स्पीकर मधे ठेवून आम्ही सगळे निरोप ऐकले. मानहो, चाळीस वर्षं संसार केला माझ्याशी आणि बोलावणं लेकाला! मी बावळट झालं झालं, येते येते करत उत्तरं देत बसले, ट्रंक उघडून. आधी लाज वाटली, मग हसू आलं, मग मी आणि पोरगं दोघंही खूप रडलो. गोळ्या आता स्वतःच्या हाताने घेते. रांजण परत मागितले, मिसूनच्या आईने एक अर्धा संपवलाय. कपडे ट्रंकेत गेले, डांबराच्या गोळ्यांसकट. दोंग्यू पुढच्या रविवारी छत बघणार आहे.

एक राहिलं. सगळे निरोप ऐकले, पहिल्यापासून शेवटपर्यंत, दोनदा. त्यात माझं नाव कुठेच नाही. दोंग्यूला विचारलं, त्या गुरुवारी तू पायऱ्यांवर होतास का? तो म्हणाला की गुरुवारी सुट्टी नसते, तो जहाजाच्या पोटात वेल्डिंग करत होता.

तू आवाजातला माणूस, तुला काहीतरी कारण सुचेलच. ते मला लिहू नकोस. बाकीचं सगळं लेकाला दिलं, तेवढं माझं राहू दे.

तुझी,
यांगजा