पंचफुलाचं नाव कोरलेला डबा

प्रिय कोकिळा,

काल दुपारी तुझा अमर माझ्या ओसरीवर एक पिशवी ठेवून गेला, म्हणून हे पत्र. नाहीतर तुला लिहायचं मी सोडूनच दिलं होतं. पिशवीत तुझ्या दिपालीच्या लग्नाची पत्रिका, एक हिरवी साडी आणि लाडवांचा स्टीलचा डबा. अमर बसला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "मावशी, आईनं सांगतलं, साडी लग्नात नेसजो. अन् कोर्टात लखनचंच नाव घेजो." माझ्याकडे बाराखडी गिरवलेलं पोरगं. बोलताना माझ्याकडे नाही, माझ्या दारातल्या कढीपत्त्याकडे पाहत होतं.

डबा रुपालीनं उचलला आणि तशीच उंबऱ्यावर बसली. झाकणावर तिच्या आईचं नाव कोरलेलं आहे, कोकिळा. 'पंचफुला उकंडा'. माझ्या या धाकट्या जावेनं तो महागावच्या बाजारातून आणला होता. नाव कोरणाऱ्यानं नवऱ्याचं नाव आधी घातलं, तर तिनं त्याला झाकण बदलायला लावलं होतं. "भाकर मी खाईन, नाव त्याचं आधी कायले?" हे सांगताना ती किती हसायची, तू पाहिलं आहेस. अपघाताच्या सकाळी याच डब्यात भाकर आणि ठेचा घेऊन ती तुमच्या ट्रॉलीत चढली होती.

आपल्या सावडीला मी फार मानत आले. आज तुझा कापूस वेचायचा, उद्या माझा. मजुरी नाही, कुणी मालक नाही, कुणी मजूर नाही. तुमच्याच वावरात कापूस वेचायला जाताना नाल्याच्या वळणावर ट्रॉली उलटली आणि त्याच चालीआड तुम्ही लपलात. मजुरीच नाही, तर बोलावलं कुणी? तू पोलिसांना सांगितलंस, "बाया रस्त्यात हात दाखवून बसल्या, फुलसावंगीच्या बाजाराले जाऊन राह्यल्या होत्या." बाजाराला जाणारी बाई भाकर बांधून नेते का ग? आणि ट्रॅक्टर म्हणे तुमचा सालदार लखन चालवत होता. लखन तर तेव्हा तुमच्या वावरात बैलांना पाणी पाजत होता. आवाज ऐकून तो धावत आला, माझ्या अंगावर पडलेलं ट्रॉलीचं फाळकं त्यानंच उचललं. स्टिअरिंगवर अमर होता, एका हातात मोबाईल घेऊन. पंचफुला मागून ओरडली होती, "बावा, समोर पाह्य ना!" तिचं शेवटचं बोलणं तेच.

यवतमाळच्या दवाखान्यात तू माझ्याजवळ किती दिवस होतीस. उजवा हात प्लॅस्टरमध्ये, घास तू भरवायचीस. मी तोंड उघडलं की म्हणायचीस, "काही बोलू नको, दीपे. आराम कर." मी त्याला माया समजले. मला वाटायचं, हीच ती कोकिळा. कॉलेजात असताना तुझ्या घरी आले, तेव्हा तुझ्या आईनं माझ्या ओंजळीत वरून पाणी ओतलं, आणि तूही माझ्या शेजारी बसून ओंजळ पुढे केलीस, "मलेही वरूनच वाढ, मा." त्या एका ओंजळीवर मी तुझ्यावर आयुष्यभर विश्वास ठेवला. पंचफुला गेल्यावर तिच्या पुण्यानुमोदनाला तू पांढरी साडी नेसून सगळ्यांत पुढे बसलीस. तुझा जबाब त्याआधीच होऊन गेला होता. हे मला लखनच्या बायकोनं सांगितलं, लेकरू काखेत घेऊन, माझ्याच दारात. अमरच्या बापानं, विठ्ठलरावांनी, लखनला शब्द दिला होता, 'नाव घे, आम्ही सोडवतो.' सोडवलं कुणी? तो अजून तुरुंगातच आहे.

नंतर मी बोलणं टाकलंच होतं. अपघाताचं कुणी विचारलं की उठून घरात जायची. ट्रॅक्टरचा आवाज आला की मी रस्ता सोडून वावरांच्या धुऱ्याधुऱ्यानं पळायची, साठीला आलेली बाई! रुपाली म्हणाली, "मोठ्याई, अशी किती दिवस लपशीन?" मला तिचा राग आला आणि दुसऱ्या सकाळी मी त्या वळणावर जाऊन उभी राहिले. पहिली ट्रॉली गेली तेव्हा बाभळीला मिठी मारली, काटे रुतले. मग रोज जायची. आता बाभळ धरावी लागत नाही. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, न जावो. डाव्या हातानं कापूस वेचायला शिकले. आमची सावड आता पायी जाते. ज्याला उशीर होतो, त्यानं दुसऱ्या बाया पाहाव्यात, असं मी तोंडावर सांगते. सावडीतल्या बाया मला मागून 'हेडमास्तरीण' म्हणतात. म्हणू देत.

एक गोष्ट मात्र मला कळत नाही. हा डबा ट्रॉलीसोबत तुमच्या घरी गेला, तुझ्या मांडणीवर इतके दिवस होता. लाडू भरताना झाकण तुझ्याच हाताखालून गेलं असेल. तू बी.ए. झालेली बाई, तुला नाव वाचता येतं. चुकून पाठवलास, की अमरला न कळता मुद्दाम? मुद्दाम असेल, तर स्वतः समोर न येता तूही आता मला वरूनच पाणी पाजते आहेस. या वेळी ओंजळ माझी एकटीचीच पुढे आहे.

मंगळवारी महागावला माझी साक्ष आहे. मी अमरचं नाव घेणार आहे. डबा सोबत नेणार आहे, कुठे जाताना तो ट्रॉलीत होता आणि कुणाच्या घरून आला तेही सांगणार आहे. दिपालीचं लग्न तोंडावर आहे, हे मला ठाऊक आहे; लखनचं लेकरू बापाला ओळखत नाही, हेही ठाऊक आहे. कोर्टात एकदम ऐकून तुला धक्का बसू नये, आधी माझ्याकडूनच कळावं, म्हणून हे पत्र लिहिलं. एवढी मी अजून तुझी लागते. तुझा जबाब बदलायचा असेल, तर सकाळच्या एसटीला मी फाट्यावर उभी असेन. शेजारची जागा धरून ठेवीन.

इतकं होऊनही तुझीच,
दीपा

रुपालीच्या हाती परत पाठवलं: हिरवी साडी, घडी न मोडता. लाडू, सगळे, माझ्या डब्यात घालून.
ठेवून घेतलं: पंचफुलाचा डबा आणि दिपालीची पत्रिका.
माझा डबा रिकामाच परत कर.