जिन्यावरचं वाचन

३ फेब्रुवारी
वही, तुला विसरले नव्हते. दिवाळीनंतर लिहायला बसले की हात आखडायचा, कारण लिहिलं की खरं झालं. तर आता लिहिते: गिरगावातला आमचा छापखाना बंद झाला आणि मी परळच्या काचेच्या इमारतीत नोकरी धरली. औषधाच्या खोक्यात घडी करून ठेवतात ती माहितीपत्रकं तपासायची. काम तेच, प्रूफं वाचायची. बाकी काहीच तेच नाही. सगळ्यांच्या कानांवर हेडफोन. शेजारची तन्वी हाताच्या अंतरावर बसते, तरी फाइल बघून झाली का हे मेसेजवर विचारते. सुरुवातीला मी वळून तोंडाने उत्तर द्यायचे, तर दचकायची. आता मीही टाइप करते.
कायम करणार की नाही ते महिनाअखेरीस कळेल.

९ फेब्रु.
ग्रुपवर मेसेज: मजल्यावर शांतता राखावी ही विनंती. नाव कुणाचंच नाही. पण मजल्यावर पुटपुटणारं माझ्याखेरीज आहे कोण?
छापखान्यात दोघं मिळून वाचायचो. परबकाका मोठ्याने वाचणार, स्वल्पविरामासकट, आणि मूळ प्रत माझ्या हातात. डोळा सवयीने पुढे सरकतो, कान अडतो. इथे एकटीच वाचते, तेही ओठांतल्या ओठांत. तेवढंही खुपलं.
वाईट वाटलं. मग वाटलं, तन्वीने टाकला असेल मेसेज, तर तिचं तरी काय चुकलं? ती कामाला येते, माझी पोथी ऐकायला नाही.

१२ फेब्रु.
आग लागली तर उतरायचा जिना आहे, तिथे कुणी फिरकत नाही. प्रिंट घेऊन तिथे बसते आणि भिंतीला वाचून दाखवते. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, शेवटी आरतीचं ताट पण फिरव. सासूबाई मासे साफ करता करता, "भिंतीक वाचून दाखवतंस? ती हूं तरी म्हणता काय गो?"
नाही म्हणत. पण चुका सापडतात.

१६ फेब्रु.
रोहनने बोलावलं. साहेब आमचा, माझ्या धाकट्या भावाहून लहान, मला सुजाता म्हणतो. सभ्य आहे, आवाज चढवत नाही. म्हणाला जिन्यावर वेळ जातो, फायली बाकीच्यांपेक्षा कमी होतात, स्क्रीनवर वाचा, सॉफ्टवेअर चुका दाखवतंच. त्याचं खोटं नाही. फायली कमी आहेतच.
नोकरी मला हवी आहे. पगारासाठी तर आहेच, पण या वयात पुन्हा उभं राहता येतं का, तेही बघायचंय. उद्यापासून स्क्रीनवर.

२० फेब्रु., शुक्रवार
फायली भराभर. रोहनने अंगठा पाठवला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

२४ फेब्रु.
तन्वी आज पहिल्यांदा हेडफोन काढून बोलली. लहान मुलांच्या सिरपचं पत्रक, मांडणी तिने केलेली, उद्या छपाईला जाणार. इतक्यांदा बघितलंय की आता काहीच दिसत नाही, म्हणाली. "तुम्ही जिन्यात वाचता ना, तसं वाचाल? मूळ प्रत मी धरते."
म्हणजे तिला माहीत होतं.
पायऱ्यांवर बसलो. डोसच्या तक्त्यापाशी तिने माझं मनगट धरलं. "थांबा. परत वाचा." दोन ओळींतले आकडे एकमेकांच्या जागी. मोठ्या मुलाचा डोस तान्ह्याला. सॉफ्टवेअरच्या लेखी दोन्ही आकडे पत्रकात आहेत, मग चूक कुठे?
आणि हे पत्रक शुक्रवारी स्क्रीनवर वाचून मीच पास केलेलं.
पण लाजेच्या आधी अभिमान वाटला, हेही लिहून ठेवते. पोरगी पहिल्याच वाचनात बरोबर जागी अडली. मला ते जमायला किती दिवस लागले होते. परबकाकांनी चहा मागवला असता.

२५ फेब्रु.
रोहनकडे जाणाऱ्या दुरुस्तीच्या फॉर्मवर ‘चूक कशी सापडली’ असा रकाना असतो, तिथे लिहिलं: शुक्रवारी स्क्रीनवर मी पास केलं; काल दोघींनी मोठ्याने वाचताना तन्वीला सापडली.
तन्वी म्हणाली, "स्वतःचं नाव कशाला घालता? उद्या तुमची कायम करण्याबद्दलची मीटिंग आहे ना. दुरुस्त झालं, बस." आणि मग, "तो शांततेचा मेसेज मीच टाकला होता. सॉरी हां." मी म्हटलं, काल प्रत धरून बसलीस तेव्हा तुझेही ओठ हलत होते. हसली. राहता कुठे, विचारलं. इतक्या महिन्यांत हे विचारणारी पहिलीच. मी चिंचपोकळीची, ती हिंदमाताला साड्यांच्या दुकानांमागे.
चालत घरी येताना डोक्यात तेच. खरेपणासाठी लिहिलं, की रोहनला खोटं पाडायला? थोडी खुमखुमी होती. तरी लिहिलेलं बदलणार नाही. ते औषध कुणाच्या तरी तान्ह्याच्या तोंडात जाणार होतं.
संध्याकाळी रोहनचं एका ओळीचं उत्तर: उद्या बोलू, पण एका फाइलला दोन माणसं परवडत नाहीत.
कायम करेल असं वाटत नाही. करेलही. ताठ बसेन एवढं नक्की.

उद्या: मूळ प्रत रोहनच्या हातात द्यायची आणि तो चुकलेला तक्ता मोठ्याने वाचायचा.